राजापेठेत कोण कोण राहतं

आधी चपला काढून हातात घ्या. तुम्ही उतरताय तो अमरावतीतल्या राजापेठेचा रस्ता 1906 चा आहे, मातीचा आहे, आणि तासाभरापूर्वीच त्यावर पहिला दमदार पाऊस पडून गेलाय. जूनचा दुसरा आठवडा. मिरग लागून चार-पाच दिवस झालेत. काळी माती तळव्याला धरून बसते. चपलेसकट चाललात तर दहा पावलांत चप्पल तिच्या ताब्यात जाईल.

उड्डाणपूल शोधू नका. सिग्नल, मेडिकल, ट्रॅव्हल्सच्या गाड्या, यातलं काहीच नाही. अंबादेवीच्या अंगाला परकोट दिसतो, पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या अमलात बांधलेला, पाच दरवाजे आणि चार खिडक्यांचा. गाव बरंचसं त्याच्या आत आणि आसपास. 1901 च्या शिरगणतीत अमरावतीची वस्ती 34 हजारांच्या घरात भरली होती. बडनेऱ्याहून रेल्वेचा फाटा आलाय तो कापसासाठी. हंगाम संपलाय, जिनं बंद आहेत, पण बैल काही हंगामापुरते नसतात. कडब्याच्या, सरकीच्या, लाकडाच्या बंड्या चाललेल्याच आहेत, आणि बंडी चालली की मागं शेण पडतंच.

इथंच उकिडवे बसा. समोर शेणाचा ताजा पो पडलाय आणि तुम्ही नाक मुरडायच्या आत पहिला शेणकिडा येऊन धडकतो. धडकतो हेच खरं. हा गडी उडतो बरा, पण उतरताना आपटतो. मग दुसरा, मग सात-आठ. एक थेट पोच्या खाली शिरतो आणि तिथंच बीळ खणायला घेतो. दुसरा कडेचा तुकडा तोडतो, पुढच्या पायांनी थापटून त्याची गोळी वळतो, मग डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, आणि उलट्या चालीनं ती ढकलत निघतो. बंडीच्या चाकोरीत गोळी अडकते. तो वर चढवतो, ती घसरते, तो परत खाली जाऊन परत चढवतो. भुसभुशीत जागा सापडली की गोळी आत पुरायची, मादीनं तिच्यात अंडं घालायचं, अळीनं तेच खाऊन वाढायचं. जमिनीला फुकटात खत मिळतं, हवा मिळते, आणि माशीला अंडी घालायला शेणच उरत नाही. ऑस्ट्रेलियात गोऱ्यांनी गाई नेल्या, पण तिथल्या शेणकिड्यांना गाईचं शेण झेपेना. कुरणं शेणानं आणि माश्यांनी भरली, तेव्हा 1960 च्या दशकापासून सरकारला परदेशांतून शेणकिडे आयात करावे लागले. राजापेठेच्या रस्त्यावर ते काम बिनबोभाट चाललंय.

"ओ दादा, पाय सांभाळा! मिरगाचा किडा हाये तिथं."

पोरगं आठ-नऊ वर्षांचं, हातात काडेपेटी. तुमच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर लालभडक मखमलीचा ठिपका चाललाय. पोरगं तो अलगद उचलून काडेपेटीत ठेवतं. आत आणखी चार आहेत. "दाबू नका बरं, मरन." त्याला पाय आठ आहेत, म्हणजे नात्यानं तो कीटक नव्हे, कोळ्याच्या गोतावळ्यातला, पण वऱ्हाडानं त्याला किडा म्हटलंय तर आपणही म्हणू. वर्षातला बहुतेक काळ हा जमिनीखाली असतो. पिल्लं नाकतोड्यांच्या अंगाला चिकटून जगतात, आणि मोठा किडा पहिल्या पावसानंतरचे थोडेच दिवस वर येतो. तो नक्षत्र पाहत नाही, जमिनीतला ओलावा पाहतो. मिरग कोरडा गेला तर तोही बाहेर पडत नाही.

अंधार पडू लागलाय. समोरच्या कवेलूच्या घरात कंदील लागतो आणि वारुळातून सुटलेल्या पंखवाल्या उधळ्यांचा लोट त्यावर येतो. घरची बाई परात पाण्यानं भरून कंदिलाखाली ठेवते. उधळ्या तिच्यात पडतात, पंख गळतात, सकाळी कोंबड्यांची चंगळ. गावाच्या त्या अंगाला, अंबा नाल्याच्या काठानं, काजवे. काजव्याची अळी ओलसर मातीत गोगलगायी खाऊन वाढते, महिनोन् महिने. चमकणारा काजवा फक्त काही आठवड्यांचा. त्या आठवड्यांत त्याला जोडीदार दिसला पाहिजे, आणि दिसायला काळोख हवा. इथं काळोखाला तोटा नाही.

आता भारावून जाऊ नका. याच घरांत ढेकूण आहेत, हिवताप आहे. वऱ्हाडातही प्लेग येऊन गेलाय, आणि याच सुमारास तिकडं मुंबईत प्लेग कमिशन उंदरांच्या अंगावरच्या पिसवा हा रोग कसा पसरवतात ते पडताळून पाहतंय. पिसूही कीटकच. सरकारला किड्यांची ओळख होते ती अशीच, नुकसानीतून. सरकारी कीटकशास्त्रज्ञ हॅरल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय याचं हिंदुस्थानातल्या कीटकांवरचं पहिलं मोठं पुस्तक याच 1906 सालचं आणि ते उपद्रवी किडींवरचं आहे. एकंदर कीटकसृष्टीवरचं त्यानंतर, 1909 मध्ये आलं. इकडच्या फुलपाखरांची पाळी आली 1931 मध्ये, नागपूर म्युझियमच्या डि'अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची यादी छापली तेव्हा. इकडं जो पिकाला खातो त्याची नोंद आधी, जो देखणा आहे त्याची नंतर. 

चला, सत्तर वर्षं पुढं. चप्पल घाला, डांबर आहे.

1976, नवरात्र उलटून आठवडा झालेला. भिंतींवर आणीबाणीच्या घोषणा, पण तुम्ही दाराच्या चौकटीशेजारी बघा. गेरूनं लिहिलंय डी.डी.टी. आणि खाली तारीख. फवारणीवाले येऊन गेल्याची ती पावती. 1958 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मलेरिया निर्मूलन कार्यक्रमानं घराघरांतून पंप फिरवले आणि 1965 पर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास आणून ठेवले. लोकांना वाटलं, संपलं. तुम्ही उभे आहात त्या वर्षी रुग्ण 64 लाखांवर गेलेत. आतून आवाज येतो, "काल मारून गेले, आन् बुढीनं सकाळीच भीत सारवून टाकली." बुढीचंही चुकलं नाही, पांढऱ्या डागांची, वासाची भिंत सणासुदीला कुणाला हवी? पण सारवणाखाली औषध गाडलं गेलं. आणि जिथं ते गाडलं गेलं नाही तिथं डासांनी जी कमाई केली ती वेगळीच. शंभरातले जे दोन औषधाला पुरून उरले त्यांचीच प्रजा पुढं वाढली. मारण्याच्या भरात आपण निवड करत होतो, आणि निवडून येत होते ते नेमके नको असलेले. पऱ्हाटीवरही पुढं हेच झालं.

चौकात पाऱ्याचा दिवा लागलाय, निळसर पांढरा. त्याखाली उभे राहा, पण तोंड मिटून. पतंग, भुंगेरे, हिरवे तुडतुडे, चिखलातून आलेले रातकिडे, पाण्यातले मोठे ढेकूण. दिव्याच्या खांबाला जाड बेडूक टेकून बसलेत आणि वरच्या वर्तुळात वटवाघळं फेऱ्या मारताहेत. पाऱ्याच्या दिव्यातून किड्यांना दिसणारा जंबुपार प्रकाश भरपूर बाहेर पडतो, म्हणून ही जत्रा. सकाळी खाली जो खच असतो तो पाहून कुणालाही वाटेल की किडे अमर्याद आहेत. प्रत्यक्षात हे भोवतालच्या वावरांतून, पडीक जमिनींतून ओढून आणलेलं भांडवल आहे. रोज रात्री काढलं जातंय, आणि ते जिथून येतं ती वावरं एकेक करून एन.ए. होताहेत.

बडनेरा रोडनं कुणी राजदूतवर येतोय. संध्याकाळची वेळ असूनही त्यानं काळा चष्मा लावलाय. हौस म्हणून नाही. चष्म्याशिवाय या वेळी गाडी हाकली तर डोळ्यांत चिलटं जातात. तुमच्यातल्या पन्नाशीच्या माणसांना हे आठवत असेल. शेवटचं कधी झालं ते आठवून पाहा. जर्मनीत हौशी अभ्यासकांनी राखीव क्षेत्रांत 27 वर्षं सापळे लावून उडत्या कीटकांचं वजन केलं आणि 2017 मध्ये आकडा जाहीर झाला, तीन-चतुर्थांशाहून अधिक घट. राजदूतवाल्याचा चष्मा हा आपला सापळा होता, फक्त वजन करायचं राहिलं.

पुढची चाळीस वर्षं भरभर बघू, कारण त्यांत घडतंय ते एकच. 1983 मध्ये अमरावतीची महानगरपालिका झाली, 2011 च्या जनगणनेत वस्ती 6 लाख 47 हजार. साईनगर, दस्तुरनगर, फरशी स्टॉप, नवाथे, सगळीकडं ले-आउट. पाऱ्याच्या दिव्याजागी पिवळा सोडियमचा आला. त्याच्याकडं किडे कमी येत. मग पांढरे एलईडी आले. वीज वाचली, खरंच वाचली. पण पांढऱ्यातला निळा अंश पतंगांना पुन्हा खेचू लागला, आणि काजव्याला हवा असलेला काळोख गल्लीबोळांतूनही गेला. बंड्या थांबल्या. आणि अंगणात, फुटपाथवर, मंदिराच्या आवारात, झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे गट्टू बसले. माझ्या मते, या शहरातल्या किड्यांचं सगळ्यात मोठं नुकसान कुठल्या औषधानं केलं नाही, या गट्टूंनी केलं. चिखल नको म्हणून आपण ते बसवतो. पण शेणकिडा, मिरगाचा किडा, काजव्याची अळी, आणि एकेकट्या राहणाऱ्या बहुतेक मधमाश्या, या सगळ्यांचं दार जमिनीत उघडतं. ते दार बंद झालं.

याचा अर्थ शहर ओसाड झालं असा नाही. नागपूर शहर आणि परिसरातून 2009 मध्ये फुलपाखरांच्या 145 जातींची नोंद प्रसिद्ध झाली, ही काही थोडकी संख्या नव्हे. अमरावतीतही विद्यापीठाचं आवार, वडाळी, छत्री तलाव, मागची पोहऱ्याची टेकाडं अजून पुष्कळ काही सांभाळून आहेत. जयंत वडतकर, राजू कसंबे यांच्यासारखे अभ्यासक याच मातीत तयार झाले. राजापेठेतल्या कुंडीतल्या कढीलिंबावर बहुरूपी फुलपाखरू अंडी घालतं, लिंबावर लिंबाळं. आपण जे लावतो त्यावर जगणारे राहतात. आपण जे उपटतो त्यावर जगणारे जातात.

आता मे 2020, आणि सावली धरून चाला. लॉकडाऊनमुळं रस्ता रिकामा आहे. अकोल्यात पारा 47 च्या वर गेलाय, इथंही फार मागं नाही. चौकातल्या पोलिसाच्या मोबाइलवर व्हिडिओ चाललाय: मोर्शीकडं, वरुडकडं टोळधाड उतरलीये. मध्य प्रदेशातून आलेला वाळवंटी टोळांचा थवा संत्र्याच्या बागांवर बसलाय, आणि करोनासाठी नुकत्याच वाजवलेल्या थाळ्या लोक आता टोळांसाठी वाजवताहेत. एका चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी टोळ मावतात आणि तो दिवसाला दीडशे किलोमीटरपर्यंत मजल मारतो. इथून पुढं तो काटोलकडं, वर्ध्याकडं सरकणार.

या थव्याचं मूळ दोन वर्षं मागं आणि अरबस्तानात आहे. 2018 च्या मे महिन्यात मेकुनु आणि ऑक्टोबरमध्ये लुबान, अशी दोन चक्रीवादळं एकाच वर्षात ओमान-येमेनवर धडकली आणि एरवी थेंब न पडणाऱ्या वाळवंटात तळी साचली. ओल्या वाळूत टोळांच्या पिढ्यांवर पिढ्या निघाल्या, कुणाच्या नजरेस न पडता. 2019 मध्ये हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा तापला, पूर्व आफ्रिकेत मुसळधार पाऊस झाला आणि तिथंही त्यांचं फावलं. समुद्र तापतो तिकडं, आणि मोर्शीचा शेतकरी थाळी वाजवतो इकडं. मिरगाच्या किड्याला जो पाऊस वेळेवर मिळत नाही, तोच पाऊस अवेळी नि एकदम पडला की टोळांचं साधतं. हवामान बदलाचा फटका सगळ्या किड्यांना सारखा बसत नाही. वर्षातून एकदाच, ठरल्या ओलाव्याला बाहेर पडणारा मार खातो. मिळेल तिथं, मिळेल तेव्हा पिढ्या काढणारा पुढं जातो.

पुढचं पाहायला 2050 मध्ये जायची गरज नाही. राजापेठेतून बडनेऱ्याला जा आणि अकोल्याची गाडी पकडा. मे 2024 चा शेवटचा आठवडा. उन्हापायी जिल्हाधिकाऱ्यांनी 144 कलम लावलंय. दंगलीत लावायचे ते कलम. दुपारी एकाही झाडावर भुंगा दिसत नाही. आता कुणाच्याही घरात शिरा आणि खिडकीतल्या कूलरची जाळी उचला.

टाकीत पाणी आहे, बाजूच्या ताट्या ओल्या आहेत, वारा थंड आहे. पाण्यात बारीक वळवळ दिसते, तिरप्या लटकलेल्या अळ्या. सावली पडली की एकदम तळाला जातात. पाण्याच्या रेषेच्या जरा वर पत्र्याला काळे ठिपके चिकटलेत, मिरीपुडीसारखे. ती डेंग्यूच्या एडिस डासाची अंडी. तिशीच्या आसपासच्या उष्म्यात अंड्यापासून डासापर्यंतचा प्रवास आठवड्या-दीड आठवड्यात उरकतो, पण चाळिशीपुढच्या कोरड्या उन्हात मोठा डास फार तगत नाही. म्हणजे अकोल्याच्या मे महिन्यानं त्याचा निकाल लावायला हवा होता. आपण त्याला खिडकीत जून महिना करून दिला. उघड्यावरचं डबकं असतं तर त्यात चतुराची पिल्लं असती, त्यांनी या अळ्या फस्त केल्या असत्या. कूलरच्या टाकीत शत्रूच नाही. हंगाम संपल्यावर टाकी ओतून दिली तरी ठिपके कोरडे राहून काही महिने जिवंत राहतात आणि पुढच्या एप्रिलात पाणी चढलं की फुटतात. म्हणून टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, काथ्यानं घासावी लागते. कोरडा दिवस पाळा असं महापालिका दरवर्षी सांगते. घासा, हे पत्रकात असलं तरी कुणी वाचत नाही.

परत राजापेठ. यंदाचा ऑगस्ट, सकाळ. उड्डाणपूल आता आहे, सिग्नलही. मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्लीत वळा. दोन तीन-मजली घरांच्या मधोमध एक प्लॉट रिकामा आहे, भावकीच्या वादात अडकलेला असावा. इथं गट्टू नाहीत. गुडघाभर तरोटा माजलाय, कोपऱ्यात रुई, कडेला घोळ आणि गाजरगवत. मधल्या खड्ड्यात पावसाचं पाणी.

आत जा. तरोट्याच्या शेंड्यावर हिरवी अळी आहे, पानाच्या शिरेला इतकी चिकटलेली की दोनदा पाहावं लागतं. तिची पिवळी फुलपाखरं पलीकडं उडताहेत. रुईवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी राजरोस बसलीये. लपायचं कारण नाही, रुईच्या चिकातलं विष तिनं अंगात साठवलंय. तिचा पुढं बिबळ्या कडवा होईल आणि एकदा चाखलेला पक्षी त्याच्या वाटेला जाणार नाही. घोळीवर वाढणाऱ्या चांदव्याची मादी बिनविषारी, पण तिनं हुबेहूब बिबळ्याचं रूप घेतलंय, त्यामुळं तीही निभावून जाते. तिघांचा संसार तीन रानभाज्यांच्या आणि तणांच्या जिवावर. गाजरगवताची पानं पिवळट पट्ट्यांचा भुंगा कुरतडतोय. हा पाहुणा, मूळ मेक्सिकोचा, 1984 मध्ये बंगळूरूत मुद्दाम सोडलेला आणि तिथून पसरत आलेला. डबक्यावर पिवळसर चतुर घिरट्या घालतात. पावसाच्या अशाच तात्पुरत्या पाण्यात यांची पिल्लं वाढतात, डासांच्या अळ्यांवर. थंडीच्या तोंडाला यांचीच जात भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिका गाठते.

तुम्ही मोबाइल काढून फोटो घेताय तोच शेजारच्या गॅलरीतून हाक येते.

"महापालिकेतले हाय का हो तुम्ही?"

"नाही काकू."

"मंग फोटो कायचे काढून राह्यले?" त्या कठड्याला रेलतात. "कोणाले तरी सांगा ना हे जंगल साफ कराले. मच्छर लय झाले. मागच्या वर्षी पोराले डेंगू झाला होता."

त्यांच्या मागं खिडकीत कूलर आहे, अजून उतरवलेला नाही. तुम्ही त्याच्याकडं बोट करता, त्यात पाणी आहे का म्हणून विचारता.

"असन थोडंसं. दोन महिन्यापासून बंदच हाये तो," काकू म्हणतात. "पन त्यात कायचे मच्छर? नळाचं पानी हाये, एकदम साफ. ते तुमच्या पायापाशी डबकं हाये ना, ते बुजवाले सांगा पह्यले."